लिनक्सवर यूएसबी-१६०८जी आणि त्याचा यूएलडॅक ड्रायव्हर

घाईत असलेल्यांसाठी निकाल आधीच सांगून टाकते. मेझरमेंट कॉम्प्युटिंगचा यूएसबी-१६०८जी हा डॅक (संवेदकांची व्होल्टेजं मोजून संगणकाला देणारा खोका) आणि त्याला चालवणारं यूएलडॅक हे सॉफ्टवेअर, ही जोडी डेबियन या लिनक्सवर नीट बसते आणि कर्नल, म्हणजे लिनक्सचा मध्यवर्ती प्रोग्रॅम, बदलला तरी बसलेली राहते. मला तेवढंच हवं होतं. ज्यांना कोडची एकही ओळ न लिहिता पडद्यावर आलेख बघायचे आहेत त्यांनी मात्र हा घेऊ नये, किंवा घेतला तर लिनक्सचा हट्ट सोडावा.

मी कंपनं मोजणारी एक छोटी प्रयोगशाळा सांभाळते. मोटर किंवा पंप बाकावर घट्ट बांधायचा, त्याच्या बेअरिंगजवळ कंपनं टिपणारे अ‍ॅक्सेलरोमीटर लावायचे आणि सगळ्यांची व्होल्टेजं एका घड्याळावर नोंदवायची, असं कामाचं स्वरूप. विद्यार्थी सत्रागणिक बदलतात. संगणकही बदलतात, आणि त्यात भर म्हणून दर काही महिन्यांनी कुणाला तरी उत्साह येतो आणि तो सगळी यंत्रणा अपग्रेड करून ठेवतो. त्यामुळे ड्रायव्हर एकदा बसला याचं मला कौतुक नाही. मी नसताना, एका पानावरच्या सूचना वाचून, नवख्या मुलीला तो कोऱ्या संगणकावर बसवता आला पाहिजे. हे परीक्षण त्या एका कसोटीवर आहे.

याआधी आमच्याकडे दुसऱ्या एका कंपनीचा खोका होता. नाव घेत नाही. यंत्र म्हणून उत्तम: अचूक, मजबूत, जोडणीचे स्क्रूसुद्धा दणकट. जाहिरातीत ‘लिनक्स सपोर्ट’ असं लिहिलेलं होतं आणि ते खोटं नव्हतं. फक्त तो सपोर्ट म्हणजे बंद कोडचा कर्नल मॉड्यूल (कर्नलच्या आत चढणारा तुकडा) होता: आतला गाभा आधीच कंपाइल केलेला, त्याभोवती उघड्या कोडचं पातळ आवरण, आणि ते आवरण तुमच्या कर्नलसाठी डीकेएमएस हे साधन दर वेळी नव्याने बांधणार. कर्नलची नवी आवृत्ती आली की डीकेएमएस कामाला लागतं. कर्नलच्या आतलं एखादं फंक्शन त्या आवृत्तीत बदललेलं असलं की बांधणी तिथेच फसते, आणि सकाळी प्रयोगशाळा उघडल्यावर खोक्याचा दिवा बंद. कंपनीला लिहिलं तर उत्तर यायचं की अमुक वितरणाची तमुक आवृत्तीच आम्ही धरतो. म्हणजे मोजमापाच्या खोक्यासाठी आम्ही संगणकाचं वय गोठवून ठेवायचं!

यात त्या कंपनीचा दोष आहेच, पण मुळातली गोष्ट वेगळी आहे आणि डॅक विकत घेणाऱ्या प्रत्येकाने ती समजून घ्यावी. लिनक्सचा कर्नल बाहेरच्या प्रोग्रॅमांना एक शब्द देतो: तुम्ही मला ज्या रीतीने हाक मारता ती रीत मी मोडणार नाही. आतल्या मॉड्यूलना मात्र तो असा कुठलाही शब्द देत नाही. आतली फंक्शनं, त्यांची नावं, त्यांना द्यायच्या गोष्टी केव्हाही बदलू शकतात, आणि हे धोरण कर्नलच्या स्वतःच्या दस्तऐवजांत स्पष्ट लिहिलेलं आहे. मॉड्यूलचा कोड कर्नलच्याच झाडात, म्हणजे त्याच्या अधिकृत कोडमध्ये, असेल तर बदल करणारा माणूस तोही दुरुस्त करतो. झाडाबाहेरच्या मॉड्यूलने मागून धावायचं. यूएसबी डॅकच्या बाबतीत तर या धावपळीची बहुतेक वेळा गरजच नसते, कारण लिबयूएसबी नावाची लायब्ररी सामान्य प्रोग्रॅमला कर्नलच्या बाहेर राहूनच यूएसबी उपकरणाशी बोलू देते. तिचा रस्ता /डेव्ह/बस/यूएसबी मधून जातो, आणि तो रस्ता वर सांगितलेल्या शब्दाखाली येतो.

सिक्युअर बूट, म्हणजे संगणक सुरू होताना सही असलेलाच कोड चालू देणारी व्यवस्था, हा त्याच दुखण्याचा दुसरा भाग. तो चालू असलेल्या संगणकावर सही नसलेला मॉड्यूल चढत नाही. मॉडप्रोब केलं की ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असा निरोप मिळतो (जुन्या कर्नलवर ‘रिक्वायर्ड की नॉट अव्हेलेबल’). मग स्वतःची किल्ली बनवा, मोकयूटिलने नोंदवा, संगणक पुन्हा सुरू करा, त्या निळ्या पडद्यावर पासवर्ड टाका. हे सगळं जमतं. पण विद्यार्थिनीला एका पानात समजावून सांगता येत नाही, आणि ‘सिक्युअर बूट बंद करून टाक’ हा सल्ला संस्थेच्या संगणकांवर द्यायचा नसतो.

तर, यूएलडॅक. हा सी++ मध्ये लिहिलेला, सीमधूनही वापरता येणारा उघडा कोड आहे, परवाना एमआयटीचा. चालतो लिनक्सवर आणि मॅकवर. कर्नल मॉड्यूल नाही. सगळं काम लिबयूएसबीच्या खांद्यावर. बसवायची कृती जुन्या वळणाची आहे: कंपायलर, मेक आणि लिबयूएसबी-१.० चं डेव्हलपमेंट पॅकेज आधी घ्या, कोडची गठडी सोडा, कॉन्फिगर चालवा, मेक चालवा, सुडोने मेक इन्स्टॉल करा. डेबियनवर लिबयूएसबीच्या पॅकेजच्या नावाच्या शेवटी ‘-डेव्ह’ असलेलंच लागतं. नुसतं लिबयूएसबी बहुतेक संगणकांवर आधीपासून असतं, त्यामुळे माणूस निर्धास्त राहतो आणि कॉन्फिगर मात्र अडतं. मुलांच्या पानावर ही ओळ मी ठळक केली आहे.

फेडोरासारख्या वितरणांवर आणखी एक खड्डा आहे. लायब्ररी /यूएसआर/लोकल/लिब मध्ये जाते आणि प्रोग्रॅम सुरू होताना लायब्ररी शोधणारी व्यवस्था तिथे आपणहून बघतेच असं नाही. ‘कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल’ दिसलं तर समजायचं की लायब्ररी आहे, पत्ता नोंदवायचा राहिलाय. ईटीसी मधल्या एलडी.एसओ.कॉन्फ.डी या डिरेक्टरीत एक ओळीची फाइल टाकून एलडीकॉन्फिग चालवलं की संपलं. डेबियनवर तो रस्ता आधीच नोंदलेला असतो.

आता परवानग्या. लिनक्सवर यूएसबी डॅक बसवताना माणसं सर्वांत जास्त इथे अडकतात, खोका कुठल्याही कंपनीचा असो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. खोका जोडला, एलएसयूएसबी म्हटलं, यादीत दिसला: व्हेंडर आयडी ०९डीबी, म्हणजे मेझरमेंट कॉम्प्युटिंग. प्रोग्रॅम चालवला तर लिबयूएसबी म्हणते वजा ३, प्रवेश नाही. हजेरीपटावर नाव आहे, पण वर्गात बसू देत नाहीत, असा हा प्रकार. यादी वाचायला कुणालाही मुभा असते. उपकरण उघडून त्याच्याशी बोलायला त्याच्या फाइलवर लिहिण्याची परवानगी लागते, आणि ती मुळात फक्त रूटकडे असते. इथे नव्वद टक्के लोक सुडो लावून प्रोग्रॅम चालवतात, तो चालतो, आणि तेच पुढे सवयीचं होतं. मग मोजमापाच्या सगळ्या फाइली रूटच्या मालकीच्या होतात, पायथनचं वेगळं वातावरण सुडोखाली दिसेनासं होतं, आणि एका विद्यार्थ्याच्या चुकलेल्या ओळीच्या हाती सगळा संगणक जातो.

योग्य जागा यूडेव्हचे नियम; यूडेव्ह म्हणजे उपकरण जोडलं की त्याच्या फाइलची परवानगी ठरवणारी लिनक्सची व्यवस्था. यूएलडॅक मेक इन्स्टॉल करतानाच आपला नियम ईटीसी मधल्या यूडेव्हच्या डिरेक्टरीत टाकतो, त्यामुळे या खोक्यापुरतं तुम्हाला काही करावं लागत नाही. एक मात्र आहे: नियम उपकरण जोडलं जाण्याच्या क्षणी लागू होतो. आधीपासून जोडून ठेवलेल्या खोक्याला नवा नियम आपोआप कळत नाही. केबल काढून पुन्हा लावा, किंवा यूडेव्हॲडमला नियम पुन्हा वाचायला सांगून ट्रिगर करा. मी केबल काढायलाच सांगते. दोन आज्ञा टाइप करण्यात मुलं जास्त चुका करतात.

ज्या खोक्यासोबत नियम येत नाही त्यासाठी तो स्वतः लिहायचा. एका ओळीत व्हेंडर आयडी, प्रॉडक्ट आयडी आणि परवानगी. बरेच उत्पादक ०६६६ देऊन मोकळे होतात, म्हणजे संगणकावरच्या कुठल्याही खात्याला वाचा-लिहायची मुभा. एकट्याच्या संगणकावर ठीक. अनेक जण वापरतात तिथे मी एक गट करते आणि ०६६० ठेवते. तिसरी रीत म्हणजे नियमात ‘यूअ‍ॅक्सेस’ हा टॅग देणं, म्हणजे त्या वेळी संगणकासमोर प्रत्यक्ष बसलेल्याला परवानगी मिळते. ही सर्वांत नेटकी, पण दोन अटींवर. फाइलच्या नावातला आकडा ७३ पेक्षा लहान हवा, कारण तो टॅग वाचणारा नियम ७३ क्रमांकाच्या फाइलीत आहे आणि नियम क्रमाने वाचले जातात. कितीतरी जण सवयीने ९९ आकडा देतात आणि मग टॅग चालत नाही म्हणून डोकं धरून बसतात. दुसरी अट, दूरून एसएसएचने काम करणाऱ्याला हा टॅग काही उपयोगाचा नाही. आमचा एक संगणक रात्रभर चालणाऱ्या नोंदीसाठी पडद्याविना ठेवलेला आहे; तिथे गटच.

जाता जाता: काही खोके जोडल्यावर आधी रिकामे असतात, संगणकाकडून फर्मवेअर घेतात, आणि मग जणू केबल काढून लावली असं भासवत वेगळा प्रॉडक्ट आयडी घेऊन परत येतात. अशांसाठी नियमात दोन्ही आयडी लागतात. १६०८जीलाही संगणकाकडून आतल्या एफपीजीएची प्रतिमा मिळावी लागते, पण ती यूएलडॅकच जोडणी करताना पाठवतो. तुम्हाला ते जाणवतही नाही, फक्त केबल काढून लावल्यानंतरची पहिली जोडणी किंचित रेंगाळते.

पायथनकडे वळू, कारण आमच्याकडे सी लिहिणारे आता बोटांवर मोजण्याइतके. पिप इन्स्टॉल यूएलडॅक. डेबियन १२ पासून ही आज्ञा थेट दिली तर ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायरन्मेंट’ म्हणून नकार मिळतो. तो नकार रास्त आहे, त्याला बगल देणारा पर्याय वापरू नका. व्हेनव्ह (पायथनचं वेगळं वातावरण) करून त्यात बसवा. पायथनचा भाग खालच्या सी लायब्ररीवरचं पातळ वेष्टन आहे, त्यामुळे आधी सी लायब्ररी बसलेली असणं गरजेचं. हे उलट क्रमाने करणारे पिपने सगळं यशस्वी झालं म्हणून सांगितल्यावर खुशीत असतात आणि इम्पोर्टच्या ओळीवर आपटतात. सोबतची उदाहरणं चांगली आहेत. नव्या संगणकावर मी त्यातलं ए-इन हे सर्वांत साधं उदाहरण चालवते, शून्य क्रमांकाच्या चॅनेलला दीड व्होल्टचा सेल जोडते आणि आकडा बघते. आकडा आला म्हणजे लायब्ररी, परवानगी, केबल, खोका सगळं एका दमात तपासून झालं.

इथवर पानभर सूचना पुरतात. पुढचा मजकूर मी मुलांना पानावर देत नाही, समोर बसवून सांगते.

ए-इन हे फंक्शन एक वाचन मागतं आणि एक वाचन देतं. त्याला लूपमध्ये घालून, मधे स्लीप लावून ‘हजार सॅम्पल प्रति सेकंद’ म्हणणं हा जवळपास प्रत्येक नवख्याचा पहिला प्रोग्रॅम. ते हजार नसतात आणि सारख्या अंतरावरही नसतात. प्रत्येक वाचन यूएसबीवरून जाऊन येतं, मधे शेड्यूलर दुसऱ्या प्रोग्रॅमला वेळ देतो, आणि एफएफटी (कुठल्या वारंवारतेचं कंपन किती ते दाखवणारं गणित) काढला की सुबक उभा कणा यायचा तिथे फुगलेला ढीग दिसतो. कंपन मोजायचं तर ए-इन-स्कॅन. यात सॅम्पल घेण्याचं घड्याळ खोक्यात असतं, लिनक्सच्या मर्जीवर नसतं. मागितलेला वेग घड्याळाच्या भागाकारात नेमका बसत नसेल तर खोका जवळचा वेग घेतो, आणि फंक्शन तो खरा वेग परत देतं. तो आकडा फाइलीत लिहून ठेवायचा, आपण मागितलेला नाही. आमच्याकडे हा नियम काटेकोर पाळला जातो.

वेग एकूण अडीच लाख सॅम्पल प्रति सेकंद, १६ बिट. आठ चॅनेल लावले तर प्रत्येकाच्या वाट्याला ३१,२५० येतात, कारण आत एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) एकच आहे आणि तो आळीपाळीने चॅनेल बघतो. शेजारच्या दोन चॅनेलांमध्ये पूर्ण वेगाने चार मायक्रोसेकंदांचं अंतर पडतं. बेअरिंगसाठी ते चालतं. दोन संवेदकांमधला फेज फार बारकाईने मोजायचा असेल तर हे मॉडेल घेऊ नका, एकाच क्षणी सगळे चॅनेल पकडणारं घ्या. आळीपाळीचा दुसरा परिणाम असा की जास्त रोधाचा स्रोत जोडला तर आधीच्या चॅनेलचं भूत पुढच्या चॅनेलमध्ये दिसतं. मधे बफर अ‍ॅम्प्लिफायर लावला की जातं. आणि मोकळं ठेवलेलं चॅनेल काहीतरी आकडे दाखवतंच, ते बघून घाबरू नये. न वापरलेली चॅनेलं ग्राउंडला जोडून टाकावीत.

सतत नोंद करायची तर स्कॅनला ‘कंटिन्युअस’ सांगायचं. मग लायब्ररी एका गोल बफरमध्ये लिहीत राहते आणि शेवटच्या टोकाला पोहोचली की पुन्हा सुरुवातीपासून. आपण स्टेटस विचारून सध्याची जागा बघायची, आणि लिहिणं एका अर्ध्यात चालू असताना दुसरा अर्धा उचलून डिस्कवर टाकायचा. सोपं आहे, पण बफर तोकडा ठेवला आणि मधे आलेख काढण्याचं जड काम घातलं तर जुन्या माहितीवर नवी माहिती लिहिली जाते, आणि याची चूक म्हणून नोंद होत नाही. आकडे गुपचूप चुकतात. म्हणून आलेख काढणारा प्रोग्रॅम वेगळा आणि नोंद करणारा वेगळा. पूर्ण वेगाने कच्ची माहिती सेकंदाला पाच लाख बाइट, म्हणजे तासाला १.८ जीबी होते. लायब्ररी ती ८ बाइटच्या दशांश आकड्यांत देते, ते तसेच साठवले तर चौपट: तासाला ७.२ जीबी. रात्रभराची नोंद असेल तर हा हिशोब संध्याकाळीच करावा.

यूएसबीच्या वहनक्षमतेची चिंता इथे करायची गरज नाही. सेकंदाला चार मेगाबिट म्हणजे ४८० च्या हाय-स्पीड मार्गावर किरकोळ. चिंता करायची ती विजेची बचत करणाऱ्या सॉफ्टवेअरची. कर्नल आपणहून असल्या उपकरणांना सहसा झोपवत नाही, पण लॅपटॉपवर टीएलपी किंवा पॉवरटॉपचं आपोआप जुळणी करणारं बटण चालवलेलं असलं की दोन सेकंद शांत राहिलेला खोका निजतो, आणि पुढचं स्कॅन सुरू करताना कधी चालतं कधी नाही. त्या उपकरणाच्या पॉवर कंट्रोलमध्ये ‘ऑन’ लिहिणारी ओळ यूडेव्हच्या नियमात घालून टाका. आणि कीबोर्ड, माउस, पेन ड्राइव्ह सगळं ज्याला लटकलंय अशा, स्वतःची वीजजोडणी नसलेल्या हबवर डॅक लावू नका. काही बिघडलं तर आधी डीमेसेज (कर्नलची नोंदवही) बघायचं: उपकरण तुटून पुन्हा जोडलं गेल्याच्या ओळी असतील तर दोष केबल-हबकडे असण्याची शक्यता जास्त, कोडकडे कमी.

आता उणिवा. विंडोजवर या खोक्यासाठी इन्स्टाकॅल आहे, ट्रेसरडॅक आहे, डॅकॅमी आहे. लिनक्सवर यांतलं काहीही येत नाही. लायब्ररी मिळते आणि उदाहरणं मिळतात, आलेखाची खिडकी तुमची तुम्ही बांधायची. यूएलडॅक कंपनीची सगळी उपकरणं धरत नाही, एक यादी आहे. जुना खोका कुणाकडून हातात आला असेल तर आधी ती बघा. कॅलिब्रेशनचे गुणांक खोक्यातच साठवलेले असतात आणि लायब्ररी ते आपोआप लावते, हे चांगलं. एरर आली की एक आकडा आणि एक छोटं वाक्य मिळतं, त्यावरून नवख्याला फारसं कळत नाही.

खोक्याच्याही मर्यादा आहेत, त्या ड्रायव्हरच्या माथी मारू नयेत. यात अँटी-अलायझिंग फिल्टर (सॅम्पलच्या वेगाला न पेलणारी वरची कंपनं आधीच गाळणारा) नाही, तो बाहेर लावा. आयईपीई जातीच्या अ‍ॅक्सेलरोमीटरला लागणारा स्थिर विद्युतप्रवाह हा देत नाही. आम्ही मधे सिग्नल कंडिशनर ठेवतो. थर्मोकपल थेट जोडायचा विचार असेल तर सोडून द्या. सर्वांत बारीक पट्टा उणे एक ते अधिक एक व्होल्ट, त्यात १६ बिटची एक पायरी सुमारे ३०.५ मायक्रोव्होल्टची. के जातीचा थर्मोकपल अंशाला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट देतो, म्हणजे एक पायरी पाऊण अंशाची, आणि शीत सांध्याची भरपाई नाहीच.

दुसरे कोण आहेत तेही सांगते, कारण माझी कसोटी खोक्यापेक्षा ड्रायव्हरची होती.

लॅबजॅकचे यू३ आणि यू६ याच घराण्यातले: एक्सोड्रायव्हर नावाचा छोटा उघडा कोड, लिबयूएसबीवर बेतलेला, आणि यूडेव्हचा नियम टाकून देणारी इन्स्टॉल स्क्रिप्ट. बसवायला यूएलडॅकपेक्षाही सोपा. यू३ मात्र १२ बिटचा, त्याच्या एचव्ही मॉडेलच्या उणे-अधिक दहा व्होल्टच्या चॅनेलवर एक पायरी जवळपास पाच मिलिव्होल्टची. रिले चालवणं, टाकीची पातळी बघणं, दाब नोंदवणं अशा सावकाश कामांना मी तोच सुचवीन.

कोमेडी हा डॅकच्या ड्रायव्हरांचा संच वेगळ्या वाटेचा. तो कर्नलमध्येच राहतो, पण झाडाच्या आत, म्हणून वर सांगितलेला त्रास त्याला नाही. २००९ मध्ये २.६.२९ या आवृत्तीत तो स्टेजिंगमध्ये (कच्च्या ड्रायव्हरांच्या कप्प्यात) आला आणि २०२१ मध्ये, ५.१३ मध्ये, तिथून बाहेर पडून ड्रायव्हरांच्या पंगतीत बसला. बारा वर्षं उंबरठ्यावर! त्यात पीसीआय कार्डं ढीगभर, यूएसबी उपकरणं मोजकी: यूएसबीडक्सची मंडळी, वेलेमनचा के८०५५, नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सचा यूएसबी-६५०१ अशी. तुमचा खोका त्या यादीत असला तर याहून निवांत काही नाही, नसला तर पुढे वाचू नका.

नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स डॅकएमएक्स हा आपला ड्रायव्हर लिनक्ससाठी देते: उबंटू, रेड हॅट आणि ओपनसुसे यांच्या ठरावीक आवृत्त्यांसाठी, कर्नल मॉड्यूल डीकेएमएसने. पायथनचं वेष्टन उघडं आहे, खालचा ड्रायव्हर बंद. ज्या संस्थेत उबंटूची दीर्घकाळ चालणारी आवृत्ती ठरवून धरलेली आहे आणि ती सांभाळायला माणूस आहे, तिथे हा मार्ग रास्त. उपकरणांची निवड त्यांच्याकडे फार मोठी आहे. माझ्याकडे तो माणूस म्हणजे मीच.

यूएलडॅकच्या बाजूने एक गोष्ट मला वजनाची वाटते. कंपनीकडून अधिकृत काही येण्याआधीपासून नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीचे प्राध्यापक वॉरन जॅस्पर यांनी या खोक्यांसाठी लिनक्सचे ड्रायव्हर लिहून खुले ठेवलेले आहेत, आजही ते मिळतात, आणि काही मॉडेलांसाठी वाचायला यूएलडॅकपेक्षा सुटसुटीत आहेत. म्हणजे या खोक्याशी बोलायची भाषा दोन ठिकाणी उघडी लिहिलेली आहे. मेझरमेंट कॉम्प्युटिंगला २००५ मध्ये नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सने घेतलं, नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सला २०२३ मध्ये एमर्सनने, आणि हे खोके आता डिजिलेंटच्या नावाखाली दिसतात. पाट्या बदलल्या, डेबियनवरची आमची गठडी तशीच कंपाइल होते. सोर्स असल्यामुळे रास्पबेरी पायवरही बांधता येते; एक्स८६ साठीच कंपाइल केलेल्या बंद ड्रायव्हरांना तिथे ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ पलीकडे काही सुचत नाही.

विकत घेण्याआधी विक्रेत्याला दोन प्रश्न विचारा, खोका कुठलाही असो: ड्रायव्हरला कर्नल मॉड्यूल लागतो का, आणि त्याचा सोर्स कुठे मिळतो. ‘लिनक्स सपोर्ट आहे ना?’ असं विचारलंत तर उत्तर नेहमीच ‘आहे’ असतं. दुसऱ्या प्रश्नावर कुणी इन्स्टॉलरची झिप पाठवली तर ती उघडून आत ‘.एसओ’ आणि ‘.केओ’ यांपैकी काय आहे ते बघा. नुसती ‘.एसओ’ असली तर बंद असूनही निभावतं, निदान कर्नल अपग्रेडने मोडणार नाही. ‘.केओ’ असली तर कुठल्या कर्नलसाठी बांधली आहे ते मॉडइन्फो सांगतं, आणि ती आवृत्ती तुमच्या संगणकावरच्या यूनेमशी जुळवून बघायला पैसे देण्याआधीची वेळ बरी.